अवतरणचिन्हं कोणी काढली?

कादंबरीकाराचं चरित्र लिहिणं हे मुळातच जोखमीचं काम. ज्या माणसानं जन्मभर न घडलेल्या गोष्टी घडल्यासारख्या सांगून पोट भरलं, त्याच्याबद्दल फक्त घडलेल्या गोष्टी सांगायच्या, त्याही पुराव्यानिशी आणि आवाज न चढवता. पुस्तक लिहिणाऱ्या चरित्रकाराला चारशे पानांची मोकळीक असते, 'त्या संध्याकाळी सीन नदीकडे बघताना त्याच्या मनात काय आलं असेल' असं एखादं प्रकरण खपून जातं. विकिपीडियावर ही सोय नाही. तिथे वाक्यावाक्याच्या शेपटाला चौकटी कंसातला आकडा लागतो. तो नसेल तर कुणीतरी अनोळखी सद्गृहस्थ अपरात्री येऊन 'संदर्भ हवा' अशी पाटी ठोकून जातात. सीन नदी खरी आहे, पॅरिस खरं आहे, पण मनात आलेल्याचा संदर्भ कुठून आणणार?

त्यात लिहिणारा मराठी असला तर आणखी पंचाईत. आपल्याकडे लेखकाच्या नावाआधी निदान दोन विशेषणं नसली तर त्याचा अपमान झाला असं समजतात. ज्येष्ठ, व्यासंगी, सिद्धहस्त, चतुरस्र, ऋषितुल्य. त्यामुळे हौशी मराठी संपादकाचा पहिला मसुदा शाल-श्रीफळासकटच जन्माला येतो. मग कात्री चालू होते. 'महान' चालणार नाही. 'दिग्गज' चालणार नाही. 'दावा केला' लिहू नका, माणूस खोटं बोलतोय असा वास येतो. 'कबूल केलं' लिहू नका, गुन्हा गृहीत धरल्यासारखं होतं. 'ठणकावून सांगितलं' तर नकोच, तुम्ही तिथे ठणका ऐकायला नव्हता. शांतपणे 'म्हणाले' लिहा. हे सगळं छाटून झाल्यावर 'ते लेखक होते' एवढं उरतं, आणि चर्चा पानावर त्यावरही विचारणा होते, असं कोण म्हणतं?

शिवाय 'ते' की 'तो', हा खास आपला घरगुती प्रश्न आहेच. मराठी ज्ञानकोशात जरा फिरून पाहा. मराठी कवी 'हे' असतात, क्रिकेटपटू 'हा' असतो, आणि परदेशी लेखक बिचारा बऱ्याचदा 'हा'च राहतो. नोबेल मिळालं तरी त्याची बढती होत नाही. तटस्थ दृष्टिकोनाची धोरणं कितीही पाळा, आपलं क्रियापद आधीच कुणाला तरी खुर्ची देऊन आणि कुणाला तरी सतरंजी दाखवून मोकळं झालेलं असतं.

आफ्रिकन कादंबरीकारांच्या बाबतीत एक विशेषण मात्र कात्रीलाही दाद देत नाही, ते म्हणजे 'जनक'. नायजेरियाच्या चिनुआ अचेबेंची 'थिंग्ज फॉल अपार्ट' १९५८ साली आली आणि ते आफ्रिकन साहित्याचे जनक ठरले. हे पितृत्व अचेबेंना मान्य नव्हतं. एवढ्या मोठ्या खंडाच्या साहित्यावर एकट्यानं नाव लावणं त्यांना बरोबर वाटत नसे, आणि तसं त्यांनी सांगितलंही. माणूस नकार देण्यात तरबेज होता. नायजेरिया सरकारचा राष्ट्रीय सन्मान त्यांनी २००४ मध्ये नाकारला आणि २०११ मध्ये पुन्हा नाकारला. पण सरकारला नाही म्हणणं सोपं, विशेषणाला नाही म्हणणं कठीण. 'कृपया आहेर आणू नये' असं पत्रिकेत ठळक छापलं तरी हातात पाकीट कोंबणारे कोंबतातच, तशी ही पदवी त्यांच्या चरित्रात दर परिच्छेदाला कुणी ना कुणी कोंबून जातं. शेवटी तोडगा निघतो तो असा: 'त्यांना अनेकदा जनक म्हटले जाते, मात्र त्यांनी स्वतः हे संबोधन नाकारले.' एकच वाक्य, दोन आकडे, देणारे आणि न घेणारा शेजारीशेजारी.

आता कोणी म्हणेल की आमोस टुटुओलाची 'द पाम-वाइन ड्रिंकार्ड' १९५२ मध्येच लंडनला छापून आली होती. दुसरा म्हणेल, लेसोथोच्या थॉमस मोफोलोची 'चाका' १९२५ची. तिसरा फारच शिकलेला असला तर अपुलेयसला घेऊन येईल. तो आजच्या अल्जीरियातल्या मदौरसचा, काळ इसवी सनाचं दुसरं शतक, आणि त्याची गाढव झालेल्या माणसाची लॅटिन कादंबरी सबंध शाबूत आहे. म्हणजे जनकांना वडील, आजोबा, पणजोबा सगळे निघतात. चर्चा पानावर असा कुळाचार सुरू झाला की दोन आठवडे मूळ लेखाकडे कुणी फिरकत नाही, आणि तेवढे दिवस अचेबेंना विश्रांती मिळते.

पण विशेषणांचा प्रश्न हा पोरखेळ. खरी मजा संदर्भांची. नियम असा की माणसाबद्दल त्या माणसानं सांगितलेलं फारसं धरायचं नाही, तिसऱ्या कुणीतरी छापलेलं धरायचं. यात शहाणपण आहे, हे सभासंमेलनातली आत्मपर भाषणं ऐकणारा कुणीही मान्य करील. पण त्यातून गंमत कशी होते ते अमेरिकेच्या फिलिप रॉथनं २०१२ मध्ये अनुभवलं. त्याच्या 'द ह्यूमन स्टेन' कादंबरीतला नायक अमुक माणसावरून घेतलाय असं विकिपीडियावर होतं. रॉथनं कळवलं की तसं नाही, तो दुसऱ्याच माणसावरून घेतलाय, कादंबरी मी लिहिली आहे. उत्तर आलं की लेखकाचं म्हणणं ठीक आहे, पण दुय्यम स्रोत लागेल. मग रॉथनं 'न्यूयॉर्कर'मध्ये भलंमोठं अनावृत पत्र लिहिलं. ते छापून आलं, म्हणजे स्रोत झाला, आणि दुरुस्ती झाली. रॉथ तोच, म्हणणं तेच, फक्त मध्ये छापखाना आला. रॉथला 'न्यूयॉर्कर' हाताशी होतं म्हणून बरं. मालीच्या सेव्हारे गावात राहणाऱ्यानं काय करायचं?

हा प्रश्न हवेतला नाही, कारण त्या गावात खरोखरच एक कादंबरीकार राहत होता. त्याचं चरित्र तटस्थ सुरात आणि संदर्भासहित लिहायचं म्हणजे काय हे ज्याला शिकायचं असेल त्यानं यांबो वोलोगेमपासून सुरुवात करावी. किंवा करू नये.

वोलोगेम १९४० मध्ये बांदियागाराला जन्मला. तेव्हा तो प्रदेश फ्रेंच सुदान होता, आज माली आहे. पुढे पॅरिसला शिकायला गेला. १९६८ मध्ये, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, त्याची 'ल दवार द व्हियोलाँस' ही कादंबरी आली आणि तिला त्याच वर्षी रनोदो पारितोषिक मिळालं. ते मिळवणारा तो पहिला आफ्रिकन. पॅरिसच्या वर्तमानपत्रांत कौतुकाला असा पूर आला की खऱ्या अर्थानं आफ्रिकन म्हणावी अशी ही बहुधा पहिलीच कादंबरी, इथपर्यंत मजल गेली. अचेबेंच्या पुस्तकाला तेव्हा दहा वर्षं झाली होती, पण जनकपद फिरतं असतं.

१९७१ मध्ये राल्फ मॅनहाइमनं केलेला इंग्रजी अनुवाद 'बाउंड टू व्हायोलन्स' आला, आणि घात झाला. एरिक सेलिन या अमेरिकन अभ्यासकानं दाखवून दिलं की कादंबरीची सुरुवात आंद्रे श्वार्ट्स-बारच्या, १९५९ मध्ये गाँकूर पारितोषिक मिळवलेल्या कादंबरीशी भलतीच जुळते. मग १९७२ मध्ये लंडनच्या 'टाइम्स लिटररी सप्लिमेंट'नं ग्रॅहम ग्रीनच्या 'इट्स अ बॅटलफील्ड'मधला (१९३४) उतारा आणि वोलोगेमचा उतारा शेजारीशेजारी छापले. इंग्लंडातलं घर सामानसुमानासकट उचलून वसाहतीतल्या फ्रेंच अधिकाऱ्याला राहायला दिलेलं दिसलं. गंमत अशी की त्या साप्ताहिकात तेव्हा लेखांखाली सही नसायची. म्हणजे अमक्याचं वाक्य तमक्याच्या नावावर खपवल्याचा आरोप जगापुढे आला तो बिननावाचा. आज विकिपीडियावर बिननावाच्या आरोपाला पाच मिनिटांत पाटी लागली असती.

वोलोगेम काय म्हणाला? (म्हणाला. दावा केला नाही, ठणकावलं नाही.) तो म्हणाला की माझ्या हस्तलिखितात त्या मजकुराला अवतरणचिन्हं होती, ती प्रकाशकानं काढली. प्रकाशकाला हे मान्य नव्हतं.

इथे एकदा ज्ञानकोशकाराच्या खुर्चीत बसून बघा. जगातल्या सगळ्या चरित्रांत संदर्भांचे कंस राखण्यासाठी रात्री जागवणारा हा माणूस, आणि त्याच्यापुढे एका लेखकाची सगळी कारकीर्द चार उलट्या स्वल्पविरामांवर येऊन ठेपलेली. होते तर तो प्रयोगशील, नव्हते तर तो चोर. आणि ते होते की नव्हते याबद्दल एका बाजूला लेखक, जो स्वतःबद्दल बोलतोय म्हणून अग्राह्य. दुसऱ्या बाजूला प्रकाशक, तोही स्वतःबद्दलच बोलतोय. शब्दसुद्धा निवडता येईना. 'चोरी' म्हटलं की निकाल लागला. 'उसनवारी' म्हटलं तर परत करायची होती असं वाटतं. 'प्रभाव' म्हटलं तर पाठ करून लिहिल्यासारखं. प्राध्यापक मंडळींनी 'कोलाज' आणि 'आंतरसंहितात्मकता' असे शब्द काढले. ते निष्पाप आहेत, पण त्यातला दुसरा वाचून झाल्यावर आरोप काय होता हे वाचणारा विसरतो. मला वाटतं, तोच उद्देश असावा.

बरं, ज्याच्या घरी चोरी झाली म्हणायचं तो श्वार्ट्स-बार तरी संतापावा! तो खूषच झाला. माझ्या पुस्तकातलं काही नेऊन कुणी दुसऱ्या मातीत रुजवलं तर मला आनंदच आहे, अशा अर्थाचं त्यानं प्रकाशकाला कळवलं. प्रकाशक कोण? तोच, ज्यानं वोलोगेमची कादंबरी छापली होती. म्हणजे माल एकाच दुकानाच्या एका फळीवरून दुसऱ्या फळीवर गेला होता, आणि मालक बाहेर ओरडा करणाऱ्यांकडे बघत बसला. ग्रीनच्या बाजूनं मात्र तक्रार झाली. फ्रान्समध्ये पुस्तक बाजारातून गेलं, ते थेट २००३ मध्ये दुसऱ्या प्रकाशनाकडून परतलं, आणि मूळ प्रकाशकानं ते पुन्हा छापायला २०१८ साल उजाडलं.

आरोपाच्या दोन-तीन वर्षं आधीच या गृहस्थानं आणखी एक उद्योग करून ठेवला होता. १९६९ मध्ये त्याचं 'लेत्र आ ला फ्राँस नेग्र' हे उपरोधिक पत्रांचं पुस्तक आलं. त्यातलं एक पत्र प्रसिद्ध लेखकांसाठी पडद्याआड राबणाऱ्या लेखनिकांना आहे. निरनिराळ्या गाजलेल्या रहस्यकथांतले तुकडे जोडून नवी कादंबरी कशी बेतावी याची त्यात रीतसर कृती दिली आहे, साहित्य आणि प्रमाण यांसकट म्हणा ना. त्याच वर्षी उत्तो रोडोल्फ या टोपणनावानं त्याचं एक चावट पुस्तकही निघालं. आता हे 'साहित्य' विभागात घालायचं, की 'वाद' विभागात पुरावा म्हणून, की बचाव म्हणून? ज्या आरोपीनं घरफोडीचं पाठ्यपुस्तक स्वतःच्या नावानं छापलं, तो पट्टीचा चोर तरी असला पाहिजे किंवा चोरीची थट्टा तरी करत असला पाहिजे. तटस्थ सुरात दोन्ही शक्यता सारख्याच दिसतात. तटस्थ सुराचा हा गुण मोठा आहे. विनोद आणि गुन्हा त्यात ओळखू येत नाहीत.

असल्या चरित्रांचा घाटही ठरलेला. 'जीवन' तीन ओळी, 'साहित्य' चार ओळी, 'वाद' अडीच पानं. यात कुणाचा दुष्टावा नाही. नियमच असा आहे की छापील स्रोतांत ज्या गोष्टीला जेवढी जागा मिळाली, तेवढी लेखात द्यायची. भांडणाला जागा जास्त मिळते, हे वर्तमानपत्र उघडणाऱ्याला सांगायला नको. कादंबरीत काय आहे हे सांगायला ती वाचावी लागते, तिच्यावर आरोप काय आहे हे सांगायला कात्रण पुरतं.

आणि ती वाचली तर आणखी अडचण होते. या कादंबरीत नाकेम नावाचं काल्पनिक साम्राज्य आहे, सैफ नावाचं राजघराणं आहे, आणि १२०२ सालापासून विसाव्या शतकापर्यंत चाललेली कत्तल, गुलामांचा व्यापार आणि कारस्थानं आहेत. या सगळ्यात एक दिवस श्रोबेनियस नावाचा जर्मन मानववंशशास्त्रज्ञ कुटुंबकबिल्यासह येऊन टपकतो. लिओ फ्रोबेनियस या खऱ्याखुऱ्या जर्मन संशोधकाचा हा उघड मुखवटा. त्याला आफ्रिकेचा गूढ आत्मा हवा आहे, मोबदला द्यायला तो तयार आहे. सैफ आणि त्याची मंडळी त्याला हवं ते पुरवतात. हा मुखवटा कशाचं प्रतीक? सूर्याचं. आणि हा? विश्वाच्या उत्पत्तीचं. सुचेल ते सांगत सुटतात, आणि श्रोबेनियस वही भरत सुटतो. पुढे युरोपात त्या वहीची पुस्तकं होतात, मागणी वाढते, जुने मुखवटे संपतात. मग इकडे घाऊक प्रमाणात नवे कोरले जातात आणि मुरण्यासाठी चिखलात, डबक्यांत पुरले जातात. दोन-तीन वर्षांनी उकरून काढले की ते चार शतकांचे झालेले असतात, आणि किंमतही तशीच.

हे ज्यानं लिहिलं त्याच्या चरित्राला आपण विश्वासार्ह स्रोत शोधतोय. संदर्भ कसा तयार होतो याची एवढी नेमकी कृती अजून कुठल्या धोरणपानावर माझ्या पाहण्यात नाही. विकिपीडियावरही हा प्रकार घडतो. कुणीतरी तिथे हवेतलं वाक्य लिहितं, घाईतला पत्रकार ते बातमीत उतरवतो, मग तीच बातमी त्या वाक्याचा संदर्भ म्हणून जोडली जाते. चिखलात तीन वर्षंही ठेवावं लागत नाही, एका रात्रीत काम होतं.

उलटाही प्रकार होतो, काल्पनिक माणसाला खरा समजण्याचा. तो केनियात झाला. न्गुगी वा थिओंगो यांची 'मातिगारी' ही कादंबरी १९८६ मध्ये गिकुयू भाषेत आली. तिचा नायक मातिगारी देशभर फिरून सत्य आणि न्याय कुठे मिळेल असं विचारत असतो. लोक पुस्तक वाचून त्याच्याबद्दल गावोगाव बोलू लागले. गुप्तचरांनी वर कळवलं की मातिगारी नावाचा इसम सरकारविरोधी प्रश्न विचारत हिंडतो आहे. अटकेचे हुकूम सुटले. इसम एका कादंबरीत राहतो असा पत्ता लागल्यावर १९८७च्या फेब्रुवारीत पुस्तकांच्या दुकानांवर छापे घालून ती कादंबरीच जप्त झाली. पोलिसांना हजर करायला काहीतरी लागतंच. आता ही हकीकत चरित्रात घालायची तर स्रोत कोण? इंग्रजी आवृत्तीच्या सुरुवातीला हे सांगणारे खुद्द न्गुगी. म्हणजे पुन्हा कादंबरीकार, पुन्हा स्वतःबद्दल. नैरोबीच्या गुप्तवार्ता विभागानं 'आम्ही एका पात्राला पकडायला निघालो होतो' असा दुय्यम स्रोत अजून प्रसिद्ध केलेला नाही. तरीही ही गोष्ट न्गुगींच्या प्रत्येक चरित्रात असते, आणि तिच्यावर पाटी ठोकायचं धाडस कुणी करत नाही. मीही केलं नसतं. काही गोष्टी इतक्या चांगल्या असतात की त्यांना पुरावा मागणं असभ्यपणाचं वाटतं.

वोलोगेम सत्तरच्या दशकात मालीला परतले. (आता 'ते' म्हणायला हवं, वयही झालं, आणि दाढीही.) मोप्तीजवळ सेव्हारेला राहिले, धर्मात रमले, कादंबरी पुन्हा लिहिली नाही. बोलायला आलेल्यांशी साहित्यावर बोलायलाही तयार नसत. इथून पुढे चरित्रकाराची शाई आटते. पॅरिसमधली जेमतेम दहा-पंधरा वर्षं संदर्भांनी ठासून भरलेली, आणि सेव्हारेतली चाळीसच्या आसपास वर्षं एका वाक्यात. त्यांना रोज मशिदीत जाताना पाहणारा शेजारी हा स्रोत नाही, कारण तो कुठे छापून आलेला नाही. दूरदेशाहून आलेला, दोन दिवस राहून गेलेला प्राध्यापक मात्र स्रोत आहे. श्रोबेनियस ऐकतोय का?

तसे एक अमेरिकन प्राध्यापक, ख्रिस्तोफर वाइज, नव्वदच्या दशकात त्यांना शोधत गेले आणि भेटलेही. त्यांनी संपादित केलेलं पुस्तक १९९९ मध्ये निघालं, आणि त्याच्या नावातच वोलोगेम यांच्यापुढे दोन बिरुदं लावलेली आहेत, आधी 'वसाहतोत्तर लेखक' आणि मग 'इस्लामी लढवय्या'. पुस्तक अभ्यासपूर्ण, म्हणजे स्रोत पक्का. पण यातलं कुठलंही बिरुद ज्ञानकोशातल्या पहिल्या वाक्यात घालून बघा, चर्चा पानाला आग लागते. गृहस्थ स्वतः काय म्हणवून घेत होते हे विचारावं तर ते साहित्यावर बोलत नाहीत, आणि बोलले तरी नियमाप्रमाणे चालणार नाही. २०१७च्या ऑक्टोबरमध्ये सेव्हारेतच त्यांचं निधन झालं.

त्यानंतर चार वर्षांनी सेनेगलच्या मोहामेद म्बुगार सारला, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, गाँकूर पारितोषिक मिळालं. सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेतला तो पहिला मानकरी. कादंबरी वोलोगेमना अर्पण केलेली आहे, आणि तिच्या केंद्रस्थानी एलिमान नावाचा एक आफ्रिकन लेखक आहे, जो १९३८ मध्ये पॅरिसला एकच कादंबरी प्रसिद्ध करतो, डोक्यावर घेतला जातो, वाङ्मयचौर्याचा ठपका येतो आणि तो नाहीसा होतो. सारनं त्या काळातली परीक्षणं, मुलाखती, वर्तमानपत्री चकमकी, सगळं रचून दिलंय, तारखा आणि नावांसकट. उद्या कुणीतरी ती वाचून एलिमानचं चरित्र टाकायला येईलच. माणूस नाही, त्याचं पुस्तक नाही, त्याची सही कुणी पाहिलेली नाही. चोरीचा आरोप तेवढा पान क्रमांकासह उपलब्ध आहे.